सात आडवे

"इतकी बटणं कशाला, केतकी? उत्तर लिहायचं कुठे, तेवढं दाखव!" ब्याऐंशी वर्षांचे दाजीकाका व्हिडिओ कॉलवर वैतागले.

जाहिरातींना कंटाळून त्यांच्या शब्दकोडी मंडळानं बड्या कंपनीची साइट सोडली होती. आता वाई, सांगली, धुळे, प्रत्येक गावाचा सर्व्हर आपापला; वर मालक कुणी नाही, गप्पा मात्र एकत्र. त्यासाठी केतकीनं हौसेनं अ‍ॅप बनवलं, पण आठवडाभर तिथे कुणी फिरकलंच नाही. मंडळ मोडलं तर खापर तिच्यावरच फुटणार होतं.

तिनं मन घट्ट करून एकोणीस बटणं काढली. एकच ठेवलं: 'लिहा'.

दुपारी वाईहून दाजीकाकांनी लिहिलं, "सात आडवे साफ चुकलंय!"

धुळ्याहून यमुताई कडाडल्या, "आधी चष्मा पुसा!"

संध्याकाळपर्यंत अख्खं मंडळ भांडत होतं आणि केतकी एकटीच हसत होती.