दाबलं की बंद

वरचा सर्किट बोर्ड खालच्यावर नीट दाबून बसवला की हिरवा दिवा विझायचा. जरासा उचलला की पेटायचा. निकितानं परत दाबला. परत विझला.

"अगं ए, पाव्हणे ओसरीत येऊन बसलेत, आन् तुझं हे काय चाललंय?" नागूआत्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आत आली. तिनं भाचीची हनुवटी धरली आणि कपाळाला मोठी लाल टिकली चिकटवली. "पोरगा बघितला मी खिडकीतनं. अमरनाथ, परंड्याचा. कोंबड्यांचं शेड हाय म्हणं. पर तोंडातनं शब्द काढंना. आन् बोटांना भाजल्याचे डाग! घरात सैपाक त्योच करतो वाटतं."

"मग बरंच हाय की," निकिता म्हणाली. बोर्डावर तारा डाखताना, सोल्डरिंग करताना, तिचीही बोटं भाजली होती. आत्यानं सकाळीच त्यावर हळद चोळली होती.

फोटोतला अमरनाथ निकिताला आवडला होता, हे खरं. पण मागं याच ओसरीत बघायला आलेला एक मुलगा तिच्या टेबलावरच्या यंत्रांकडं बघून फिदीफिदी हसला होता. लग्न झालं की ही खेळणी माळ्यावर टाकायची, असं म्हणाला होता. तेव्हापासून तिनं घरात बजावून ठेवलं होतं. ज्यांच्या तोंडून 'खेळणं' निघंल, त्यांना चहा पाजा आणि कळंबच्या स्टँडवर सोडून या.

यंत्र तसं साधं होतं. पाण्याची टाकी किती भरली याचा मोबाइलवर मेसेज पाठवायचा आणि भरली की मोटर बंद करायची. खालचा बोर्ड म्हणजे मेंदू, वरच्याला इंटरनेटची तार. दोघं लांब ठेवून वायरींनी जोडले की गुणी लेकरं. एकावर एक चढवले की दोघांची दातखीळ. आठवडाभर तिनं प्रोग्राम तपासला, पिना घासल्या. कुठंतरी ढिलं असंल म्हणून आणखी जोर लावून दाबलं.

"निकिता, पोहे आण गं," बाहेरून वडिलांची, बलभीमरावांची हाक आली.

ती उठता उठता शेवटचं वाकली. गाल टेबलाला टेकला आणि दोन बोर्डांमधली फट सरळ डोळ्यांसमोर आली. अगं बाई! वरच्या बोर्डाच्या पोटाखालची सोल्डरची टोकं खालच्याच्या यूएसबी सॉकेटच्या पत्र्याला टेकत होती. दाबलं की टेकायची, टेकली की शॉर्टसर्किट. ती आठवडाभर औषध म्हणून दुखणंच देत होती.

मधे वीज अडवणारं काहीतरी पातळ हवं होतं. चिकटपट्टी ऐन वेळी सापडेल तर शपथ. बाहेरून दुसरी हाक आली. निकितानं कपाळावरची टिकली काढली, पत्र्यावर चिकटवली आणि वरचा बोर्ड पक्का दाबला. दिवा पेटलेलाच राहिला. मोबाइल वाजला. टाकी अर्धी भरल्याचा मेसेज होता. तिनं आत्याला गच्च मिठी मारली, पोह्यांचा ट्रे उचलला आणि तशीच हसत बाहेर गेली.

मुलाच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा हात पदरावरच थांबला. "पोरी, कपाळ मोकळं कसं गं?"

बघण्याच्या कार्यक्रमात मोकळं कपाळ! बलभीमराव फरशीकडं बघायला लागले. आत्यानं दारातच तोंडाला पदर लावला. पडली असंल कुठंतरी, एवढं म्हटलं तरी निभावलं असतं. पण निकिता आत गेली आणि पॉवर बँकेसकट यंत्रच घेऊन आली. पोह्यांच्या शेजारी ठेवून म्हणाली, "वरच्याची टोकं खालच्या पत्र्याला टेकत होती. मधी टिकली लावली. आता चालतंय."

"म्हंजे ह्या खेळण्यापायी टिकली काढलीस?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

झालं. निघाला शब्द. निकिताला या वेळी खरंच वाईट वाटलं. तिनं यंत्र उचलायला हात पुढं केला.

तेवढ्यात अमरनाथ खुर्चीवरून उठला. सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसला, गाल टीपॉयला टेकवला आणि एक डोळा मिटून त्या फटीत बघायला लागला. मग कपाळावर हात मारून आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलला.

"हात तिच्या मारी! आन् मी सहा महिने दाबतोय!"

"अरे देवा," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "म्हंजे आता घरात असली येडी दोन दोन व्हनार!" आणि त्यांनाच आधी हसू फुटलं.

अमरनाथ आत्याकडं वळला. "आत्याबाई, टिकल्या आनखी हायेत का हो? शेडात माझी अशीच दोन यंत्रं बंद पडलीत."

आत्यानं पळत जाऊन पाकीट आणलं. निकितानं त्यातली एक टिकली काढून स्वतःच्या कपाळाला लावली आणि बाकीचं पाकीट त्याच्यापुढं सरकवलं.