दोरीच्या आत

आपेनझेल गावच्या चौकात, दोरीच्या रिंगणात, वर्षातून एकदा मतदार हात वर करून कायदे ठरवतात. पुरुषाच्या कमरेची तलवार हीच मतदार असल्याची खूण. बायकांना यंदा पहिल्यांदाच मतदानाचं कार्ड मिळालं. "दोरीच्या आत बायका? मग मी घरीच बसतो!" बाबा गरजले. मी त्यांच्या हातात पळी दिली. "बसा. रस्सा खाली लागू देऊ नका." मी चौकात पोचले. नव्या करातून प्रसूतिगृह बांधायचा ठराव मताला टाकणार, तोच दोरीपाशी गलका झाला. तलवार घरी विसरून, हातात पळी घेऊन बाबा धापा टाकत उभे होते. "तलवारीशिवाय आत नाही," पहारेकरी म्हणाला. "अरे, सोड! ही पोरगी कर वाढवून ठेवेल!" बाबा माझ्याकडे पळी रोखून ओरडले. लोक हसले. मी दोरी उचलून धरली. "हे मतदार आहेत. साक्ष माझी." "अगं, ते तुझ्याविरुद्धच हात वर करतील!" पहारेकरी म्हणाला. "करू देत. या बाबा, जरा वाकून."