रविवारचं ‘छान’

भाग संपला आणि तिने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर नावं भराभर वर पळत होती. ती सोफ्याच्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि नवऱ्याकडे बघत होती.

“कसा झाला?”

दर रविवारी ती हेच विचारायची आणि तो ‘छान’ म्हणायचा. आजही ते जिभेवर आलं होतं, पण बाहेर पडेना.

मुंगसाबाईला तो बायकोच्या आधीपासून ओळखत होता. ‘हरवलं-सापडलं’ ही कार्टून मालिका सुरू झाली, तेव्हा तो चष्म्याच्या दुकानात नवाच लागला होता. एवढा बाप्या, पण गिऱ्हाइकाला बसवून ठेवून दुकानातल्या टीव्हीसमोर उभा राहायचा. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात एक खडूस मुंगूस बसते. येईल त्याला आधी फैलावर घेते, मग त्याची छत्री, किल्ली, काय असेल ते शोधून देते. बस, एवढंच. पुढे एक बाई दुकानात नंबर काढायला आली आणि तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीवर करवादली, “एवढं बारीक कुणी लिहितं का?” हा तर मुंगसाबाईचाच आवाज! त्याच्या हातातली फ्रेम हातातच राहिली. वर्षभरात त्यांचं लग्न झालं.

मग मालिकेला कुणाची नजर लागली कोण जाणे. लिहिणारे बदलले. कार्यालय गेलं, अंतराळयान आलं. मुंगसाबाईला जुळी झाली. आता ती कुणावर डाफरत नव्हती, शेवटी उपदेश करायची. त्याच्यातला जुना चाहता दातओठ खात बसायचा आणि नवरा ‘छान’ म्हणून मोकळा व्हायचा. त्या मुंगसात बायकोचा जीव होता. एकदाच तो कथेबद्दल वाकडं बोलला होता, तर ती आठवडाभर घुम्यासारखी वावरली होती.

पण कथेचं खापर दुसऱ्यांवर फोडता येत होतं. आता त्याला जे खुपत होतं, त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतं.

फोन वाजला. तिच्या आईचा होता. तिने स्पीकर लावला.

“काय आवाज लागलाय गं आज तुझा,” आई म्हणाली. “शेजारच्या काकूसुद्धा म्हणाल्या, पोरीने जीव ओतलाय.”

“हो का,” ती म्हणाली. थोडं इकडचं तिकडचं बोलून तिने फोन ठेवला. कौतुक ऐकून माणसाचा चेहरा असा पडत नाही, असं त्याला वाटून गेलं.

“तू सांगितलं नाहीस अजून.”

“रागावणार नसशील तर सांगतो.”

“सांग.”

“मालिका केव्हाच कामातून गेलीय. त्यात तुझा काही दोष नाही. पण हल्ली तूसुद्धा... आवाज तुझाच आहे गं. पण समोरचा कागद वाचून दाखवल्यासारखं बोलतेस. खोटं बोलायच्या आधी मुंगसाबाई जराशी अडखळायची. ते गेलं. चिडते, तर चिडल्यासारखी वाटत नाही. तुझं मन उडालं असेल तर सोड ते काम. पण हे असं नको करूस.”

ती हललीसुद्धा नाही. बोललेले शब्द परत घेता आले असते, तर त्याने त्याच क्षणी घेतले असते.

“कधीपासून?” तिने विचारलं. सूर अगदी कोरा होता.

“जाऊ दे ना आता.”

“कधीपासून, ते सांग.”

“पुराचा भाग होता ना, तेव्हापासून,” तो खाली बघत म्हणाला. “त्याच्या आधीच्या रविवारी तू होतीस.”

ती उठली. आता आतल्या खोलीचं दार आपटणार, म्हणून तोही अर्धवट उठला. ती आत गेली नाही. त्याच्या शेजारी येऊन बसली, त्याची बाही घट्ट धरली आणि खांद्यावर कपाळ टेकून रडायला लागली. तो घाबरून गेला. काय करावं ते न सुचून तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

“पुराच्या भागापासून मी तिथे नाहीच,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली. “मला काढलं त्यांनी. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून आता मशीन बोलतं. नाव तेवढं माझं ठेवलंय. रोज सकाळी घरातून निघते, ती वाचनालयात जाऊन बसते. कुणालाच कळलं नाही. आईलाही नाही. आणि तू दर रविवारी छान म्हणायचास.” तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. “मला वाटायला लागलं होतं, तुलाही कळत नाही.”