जलदावरचा पाऊस

शलाका टिपणीसने माइक पुढे ओढला. जलदा या दूरच्या ग्रहाचा हवामान अंदाज ती दर सोमवारी वाचायची. तिकडे वस्ती करायला निघालेल्या यानातली माणसं तो ऐकायला हातातलं काम टाकून बसायची. दुर्बिणीतून आलेल्या प्रकाशावरून तिथल्या हवेत काय आहे, ते संगणकावरचं मॉडेल सांगे. भरपूर वाफ, म्हणजे ढग, म्हणजे पाऊस. त्याच भरवशावर यान सुटलं होतं.

आज तिच्या हाताखालच्या हेरंबच्या नव्या मॉडेलने त्या वाफेचा खरा पत्ता सांगितला. ती ग्रहावर नव्हतीच, त्याच्या सूर्यावरच्या थंड डागांत होती. जलदा कोरडा ठणठणीत होता.

"नीट तपासलंस ना रे?"

"पुन्हा पुन्हा तपासलं, मॅडम. लगेच कळवू या. इंजिन पाण्यावरच चालतं, आणि परतीपुरतं पाणी आहे त्यांच्याकडे."

तेवढ्यात यानाचा संदेश आला. यानातला आवाज इथे पोचायला वर्ष लागे. बोलत होती तिची धाकटी बहीण, मंजिरी.

"ताई, तुझे अंदाज ऐकून सगळ्यांनीच ठरवलं. परतीसाठी राखलेलं पाणी वेग वाढवायला वापरून टाकलं! आता लवकर पोचू. पोरांनी पडद्यांच्या छत्र्यासुद्धा शिवल्यात गं."

हेरंबने मान खाली घातली. माइकवरचा लाल दिवा लागला.

"नमस्कार," शलाका म्हणाली. "जलदावर या आठवड्यात चांगला पाऊस आहे. छत्र्या जवळ असू द्या."