फोनमधली अजान

कैरोतल्या मशिदीत लोकांच्या शंका सोडवायला बसलेल्या तरुण शेखांसमोर इन्शिराहमावशी अवघडून बसल्या.

"सून म्हणते, फोनमधल्या अजानला उत्तर द्यायचं नसतं. मी तर रोज देते. चुकतंय का हो माझं?"

"अजान देणाऱ्याच्या मागोमाग तेच शब्द म्हणायचे, ते जिवंत माणूस अजान देत असेल तेव्हा. रेकॉर्डिंगला गरज नाही, मावशी."

"गरज नाही, म्हणजे मनाई आहे?"

"मनाई नाही. पण एवढा हट्ट कशासाठी?"

मावशी हसल्या. "आवाज आमच्या ह्यांचा आहे. आमच्या गल्लीतल्या मशिदीत तेच अजान द्यायचे. गेले आता. संसारभर मी त्यांना उलटंच बोलत आले, शेखसाहेब. ते म्हणतील तेच मीही म्हणायचे, ते फक्त अजानच्या वेळी."