डोरल्यांची डबी

मोताळ्याजवळच्या टेकडीत गारगोटीची शीर होती. आधीची दोन सर्वेक्षणं तिथून सोन्याविनाच परतली. तिसऱ्या खेपेला सर्वेक्षणाच्या साहेबांनी दगड कुटायला सहा बाया लावल्या. नमुन्यात बाहेरचं सोनं मिसळू नये म्हणून कामाआधी त्या गळ्यातली डोरली साहेबांच्या डबीत काढून ठेवत. मोकळ्या गळ्यापायी त्यातली सिंधूताई सासूची बोलणी खायची. कुटलेल्या भुकटीचे वाटे साहेब स्वतः हातानं करत. प्रयोगशाळेनं आधी एका वाट्यात सोनं दाखवलं, दुसऱ्या वाट्याच्या फेरतपासणीत काहीच निघालं नाही. "तुमच्यातलीच कुणीतरी सोनं घालून कुटायला बसली. उद्यापासून येऊ नका," साहेब भडकले. सिंधूताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डबी टेबलावर पालथी केली. "मोजा, साहेब. सहाच्या सहा हायेत." रिकामी डबी तिनं त्यांच्या हाताखाली धरली. त्यांच्याच बोटातल्या सोन्याच्या अंगठीच्या नक्षीत पांढरी भुकटी रुतली होती. "अंगठी टाका याच्यात. उद्या आम्ही कामाले येतोच."