नुसतं व्हय

कुरुंद्यात हळद शिजत होती. "वाफ चालू हाय, झाकण उघडू नका," बॉयलरपाशी उभ्या नासेरभाईंनी ओरडून सांगितलं. ड्रमजवळून अनुसयाबाई म्हणाल्या, "व्हय." ते तरातरा आले. "नुसतं व्हय नको. काय म्हणलो ते सांगा." "लेकरासारखं काहून म्हणवून घेऊन राहिले, भाई?" नासेरभाई सांगू लागले. "आधी जहाजावर इंजिनखोलीत कामाला होतो. वरून कप्तानाचा फोन आला. मशीनच्या आवाजात काही कळलं न्हाई. साहेबाला पुन्हा विचारायची लाज वाटली, व्हय म्हणलो. ठरल्या वेळेला इंजिन चालू केलं." "मग?" "जहाजाच्या पंख्यापाशी माणूस पाण्यात उतरला होता. कप्तान तेच सांगत होता. वर नुसती त्याची दोरी आली." ते बॉयलरकडे परतले. मागून अनुसयाबाईंचा आवाज आला, "वाफ चालू हाय. झाकण उघडत न्हाई." नासेरभाईंनी पाठमोऱ्यानंच हात वर केला. "हात न्हाई, भाई. तोंडानं सांगा."